दोन पोटांच्या गाडीचा पोळा

पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. मग गाडीला तरी का जुंपायचं, एवढाच साधा विचार मी केला. (मी साधा विचार केला की घरात काहीतरी बिघडतं.)

आमचं घर डिंभ्याच्या धरणाच्या वर, पार डोंगराच्या खांद्यावर. विजेचा खांब खालच्या वाडीपर्यंत चढला आणि तिथंच दम खात बसला. नातू सयाजी पुणं सोडून इथं राहायला आला, तेव्हा त्यानं छपरावर सोलरच्या पाट्या टाकल्या. पण भादव्यात आमच्याकडं ऊन म्हणजे घाईतला पाहुणा, चहालाही थांबत नाही. म्हणून त्यानं ही पांढरी गाडी आणली. हिला दोन पोटं. एकात करंट, दुसऱ्यात पेट्रोल. सोलर रुसला की गाडीच्या तोंडात वायर खुपसायची, घरभर उजेड! करंटचं पोट रिकामं झालं, तर बया आपली आपण पेट्रोलवर घुरघुरते. आत माणूस नाही, काणूस नाही. पहिल्यांदा घुरघुरली, तेव्हा मी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता.

नातसून हर्षाली मात्र डोंगरावर भाळलेली नव्हती. तिचं ऑफिस लॅपटॉपात. आल्याआल्याच ती म्हणाली, "आजी, मीटिंगमध्ये एकदा जरी लाईट गेली ना, तर आम्ही पुण्याला परत."

तेव्हापासून मी देवाच्या आधी त्या वायरीला हात जोडायचे. ही दोघं येण्याआधी मी बोलायला कुणी नाही म्हणून मांजराशी भांडायचे, आणि मांजर जिंकायचं.

आमच्याकडं पोळा श्रावणात नाही, भादवी अमावस्येला असतो. तो आला. सयाजी शेजारच्या खंडूचे बैल धुवायला ओढ्यावर गेला. हर्षाली खोलीत दार लावून बसली. मी पुरणपोळ्या लाटल्या आणि अंगणात बघते तर काय, पांढरी गाडी भुरभुर पावसात उभी, तोंडात वायर! अख्खा भादवा हिनं आमचं घर ओढलं, आणि सणाच्या दिवशी तोंडाला मुसकं?

खटका दाबून वायर ओढायची, हे मी सयाजीचं बघून शिकले होते. ओढली. दिव्यांना हळदकुंकू लावलं, आरशांना गोंडे बांधले आणि तूप सोडलेला एक घास तिच्या तोंडात सारला. चांगला आतवर. (गाडी यंत्र आहे हे मला कळत नाही, असं समजू नका. बैलाला तरी जायफळ कुठं कळतं? आपण घालतोच की.)

"आजीऽऽ! लाईट!" हर्षाली अनवाणीच पळत आली. "वायर कुणी काढली?"

"मी. आज पोळा हाय."

"माझी मीटिंग चालू आहे! मोठे साहेब आहेत!"

"मंग त्यांनाबी सुट्टी न्हाई व्हय?"

ती वायर लावायला वाकली आणि तशीच थबकली. "आजी, हे आत काय आहे?"

"पुरण."

"पुरण?"

"जायफळ घातलंय."

तेवढ्यात सयाजी आणि खंडू सजवलेले बैल घेऊन आले. सयाजी आत डोकावला आणि कपाळाला हात लावून खाली बसला. "वायर लावू नका कुणी. तूप पार आत उतरलंय."

खंडू म्हणाला, "मावशे, पोळी दिलीस ती दिलीस. वर दूध तर न्हाई ना पाजलंस?"

मी त्याच्याकडं असं बघितलं की बैलसुद्धा दोन पावलं मागं सरले.

हर्षाली डोळे पुसत आत गेली. म्हटलं, आता बॅगा भरणार! मी मागोमाग गेले, तर मोबाईलचं नेट लावून ती लॅपटॉपला सांगत होती, "सॉरी सर, आमच्या आजींनी गाडीला पुरणपोळी भरवली." आतली सगळी डोकी एकदम हसली. कुणीतरी म्हणालं, "आजींना बोलवा!"

मी पदर सावरला आणि खुर्चीत बसले. मोठ्या माणसापुढं नजर खाली ठेवून बोलायची आमची रीत.

"साहेब, चूक माझी हाय. पोरीला बोल लावू नका. लई गुणाची हाय. तोंडावर कधी सांगितलं न्हाई, डोक्यावर बसंल म्हणून. माझ्या त्याच त्या गोष्टी ऐकती आन् दर टायमाला नव्यानं हसती. गुडघ्याला तेल लावती. ती गेली तर मला हे घर खायाला उठंल, साहेब."

असं बरंच बोलले. साहेब भला माणूस, मध्ये एक शब्द नाही. शेवटी दारातून सयाजी म्हणाला, "आजी, लॅपटॉपची बॅटरी संपलीय."

"कवा?"

"तू पहिल्यांदा 'साहेब' म्हणालीस तेव्हाच."

मी नजर वर केली. काळ्या काचेत एकच साहेब दिसत होता, कपाळाला कुंकू लावलेला.

मागं हर्षाली हसत होती आणि रडतही होती. "आजी, आम्ही कुठं जात नाही. लाईट रोज गेली तरी चालेल. फक्त पुढच्या पोळ्याला तुम्ही माहेरी जायचं."

माहेरी आता भाचा असतो. लगेच फोन लावला. म्हटलं, पुढच्या पोळ्याला येते.

"ये की, आत्या," तो म्हणाला. "चार दिस ऱ्हा. पर आमी औंदा नवा ट्रॅक्टर घेतलाय, त्याच्या जवळ फिरकू नको. खंडूचा फोन आल्ता."