ध्रुवाकडच्या शेवाळाला सावली

हेमांगी टिळेकरने बर्फावरचं हिम खरवडायला फावडं उचललं, तेव्हा खालच्या शेवाळाने तिला थांबायला सांगितलं.

शेवाळ मराठीत बोलत होतं, वळण जरा रत्नागिरीकडचं. अंटार्क्टिकाच्या त्या तळावर आधी आलेले संशोधक तिकडचेच होते, त्यामुळे हेमांगीला नवल वाटलं नाही. समुद्रावरच्या बर्फाच्या बुडाशी या शेवाळाचा तपकिरी थर होता. वसंतात तिथलं ओझोनचं छत विरळ होतं आणि ऊन जहाल होतं. ते ऊन शेवाळ कसं सोसतं हे तिला पाहायचं होतं. त्यासाठी दोन सतरंज्यांएवढ्या तुकड्यावरचं हिम ती एकदम काढणार होती.

शेवाळाने शांतपणे अडचण मांडली. ऊन अडवणारा लेप ते अंगातच तयार करतं, पण त्याला वेळ लागतो. एकदम उघडं पडलं तर दुपारपर्यंत सगळे मरतील.

हेमांगीने तळप्रमुख प्रभुदेसाईंना विचारलं. शेवाळ सगळ्यांच्या वतीने बोलतंय का, एवढंच त्यांनी विचारून घ्यायला सांगितलं. शेवाळ म्हणालं, एकमत नाही, खालच्यांना आणखी उजेड हवाय. पण मरायचं कोणालाच नाही. मग रोज थोडं थोडं हिम काढायचं ठरलं.

लेप निम्मा झाला होता, तेव्हा सकाळी वारा सुटला. आजूबाजूचं हिम घट्ट बसलेलं होतं, ते जागचं हललं नाही. हेमांगीने सैल केलेलं मात्र सगळं उडून गेलं. ती पोहोचली तेव्हा ऊन थेट बर्फात उतरत होतं.

"काही जण गेले," शेवाळ म्हणालं.

ती तिथेच पालथी झाली. तिच्या अंगाची सावली निम्म्या तुकड्यावरच पडत होती. मागून आलेल्या प्रभुदेसाईंनी क्षणभर पाहिलं, टोपी नीट केली आणि उरलेल्या जागेवर आडवे झाले.

तुझा प्रयोग बिघडला, असं ते म्हणाले. हो, बिघडला, असं ती म्हणाली. ही सावली निष्कर्षात कशी धरायची, यावर दोघांनी गांभीर्याने चर्चा केली. प्रभुदेसाईंच्या मते दोघांची वजनं नोंदवण्याची गरज नव्हती.

दुपार कलली तेव्हा खालून पुन्हा आवाज आला.

"आता ऊन उतरलंय, जरा बाजूला व्हा. उन्हाने मोडलेलं सांधायला उन्हातलाच निळा उजेड लागतो."

"किती बाजूला?" हेमांगीने विचारलं.

"आम्ही सांगतो तसं."

दोघं कुशीवर वळली. कोणी डावीकडे सरकायचं, कोणी हात उचलायचा, हे शेवाळ सांगत गेलं. हेमांगीची कोपरं गारठली होती, पण तिला बरं वाटत होतं. कुठलीशी फट उजळली की खालून समाधानाचा हुंकार येई. प्रभुदेसाईंना मध्येच डुलकी लागली. शेवाळाने त्यांना उठवू दिलं नाही. त्यांच्या खालच्यांचं सांधून झालं होतं.