तुकड्याचा जुळा भाऊ

"यातला आपला कुठला?" बाबांनी विचारलं.

आई वाकून बघत होती. ढब्बूच्या घरच्या टेबलावर दोन बशा होत्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींना निळी कड. दोन्हींत केकचा एकेक त्रिकोणी तुकडा. वर गुलाबी क्रीम, मधे पिवळा थर, टोकाला एक लाल गोळी, किंचित डावीकडे कललेली. दोन्ही गोळ्या डावीकडेच.

"अगं, आपला कुठला?"

"थांब जरा."

"थांबतो. पण थांबल्यावर सांगशील ना?"

एक तुकडा ढब्बूच्या वाढदिवसाच्या केकचा. त्यात अंडं, दूध, लोणी आणि बदामाची पूड. दुसरा आईनं भिंगरीसाठी घरी केलेला. त्यात यातलं काहीही नाही. भिंगरी साडेचार वर्षांची आहे, ढब्बूच्या खालच्या मजल्यावर राहते, आणि पहिल्या तुकड्याचा एक घास तिच्या पोटात गेला तर तिचा घसा आतून सुजतो आणि श्वास अडकतो. असं एकदा झालं होतं. त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोलत नाही. फक्त तेव्हापासून बाबांच्या कमरेला इंजेक्शनच्या पेनांची एक छोटी पिशवी असते, आणि झोपताना ती उशाखाली जाते.

भिंगरी खुर्चीवर बसली होती. साबणानं धुतलेले दोन्ही हात तिनं हवेत वर धरले होते, ऑपरेशनला निघालेल्या सर्जनसारखे. कशालाही लागू नयेत म्हणून.

"आई, आता खायचं?"

मधेच, दातांबद्दल

हा घोटाळा दुसऱ्या कुठल्या आईच्या हातून झाला नसता. भिंगरीची आई कृत्रिम दात बनवते. प्रयोगशाळेत दिवसभर भिंग लावून बसते आणि कुणाच्या तरी तोंडातल्या पडलेल्या दाताची जागा भरेल असा दात घडवते. नुसता पांढरा नाही. शेजारच्या दाताला जिथे चहाचा डाग असेल, तिथे तिनं केलेल्या दातालाही असतो. एकदा एका डॉक्टरनं पेशंटच्या चांगल्या दातावर टकटक करून "हाच ना नवीन?" असं विचारलं होतं. तो किस्सा ती पाहुण्यांना अजून सांगते.

मागच्या एका वाढदिवसाहून परत येताना भिंगरीनं जिन्यात विचारलं होतं, "सगळ्यांना बशी होती. मला डबा का होता?" रडून नाही. चंद्र दिवसा कुठे जातो, असं विचारतात तसं.

 ढब्बूच्या वाढदिवसाचं आमंत्रण आलं, तशी आई बेकरीत जाऊन उभी राहिली.

"लाल गोळी नक्की किती कलते?" तिनं विचारलं.

"बाई, ती हातानं ठेवतात," बेकरीवाला म्हणाला. "कलली तर कलली."

"आज कलली तशीच पुढच्या आठवड्यात ठेवाल?"

बेकरीवाल्यानं पुढच्या आठवड्यातही तशीच ठेवायचं कबूल केलं, कारण मागे रांग वाढत होती. मग घरी पाच तुकडे झाले. क्रीमचा गुलाबी रंग बिटातून निघाला. मधला पिवळा थर जमेना, तेव्हा आईनं कामावरची दातांची रंगपट्टी आणली, बेकरीतल्या केकच्या फोटोला लावून बघितली आणि आनंदानं ओरडली, "सापडला! सिगारेट ओढणाऱ्याचा सुळा!" चार तुकडे नापास झाले. ते बाबांनी आठवडाभर डब्यातून कामावर नेले आणि तक्रार न करता खाल्ले. पाचवा पास झाला.

इतका पास झाला की आता

पुन्हा टेबलापाशी

ओळखू येत नव्हता.

"पण मी खूण केली होती!" बाबा म्हणाले. ते लिफ्ट दुरुस्त करतात. माणूस आत काम करत असला की बटणावर लाल पाटी लावायची आणि ती ज्यानं लावली त्यानंच काढायची, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. त्यामुळे भिंगरीच्या तुकड्यात त्यांनी लाल चिकटपट्टीची टूथपिक खोचली होती. "टूथपिक कुठेय?"

"मी काढली," भिंगरी म्हणाली.

"का गं सोन्या?"

"ढब्बूच्या केकला नव्हती."

"बरं, पण आपला तुकडा आपल्या पिवळ्या ताटलीत होता ना? ताटली कुठेय?"

"अहो, ती मी बदलली," ढब्बूची आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "ती म्हणाली, मला पण निळ्या कडेची हवी. मला वाटलं, एवढंसं तर मागतेय बिचारी. कोरी बशी काढली, गरम पाण्यानं धुतली, मग ठेवला तुकडा. आणि शेजारी ढब्बूचा ठेवला. आणि मग ढब्बूनं टेबलावर चढायचा प्रयत्न केला, तेव्हा मी दोन्ही उचलल्या आणि... आता मला वाटतंय, डावीकडची डावीकडेच ठेवली. पण तेव्हा मी इकडून उभी होते की तिकडून?"

"माझी बशी द्या," ढब्बू म्हणाला. "माझा वाढदिवस आहे."

"एक मिनिट थांब, बाळा."

"सगळ्यांनी सुरू केलं!"

खरंच होतं. बाकीच्या मुलांनी कोपऱ्यात बसून केव्हाच सुरू केलं होतं.

आईनं दोन्ही बशा खिडकीशी नेल्या. दिवा बंद करायला लावला. दाताचा रंग सूर्याच्या उजेडात बघतात. तिनं डोळे बारीक केले, मग एक मिटला, मग दुसरा. 

"काय?" बाबा कुजबुजले.

"फार छान काम झालंय," आई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दोन्ही फेकून दे."

"आणि तिला काय देऊ? तोच बटाट्यांचा डबा?"

दोघांनी भिंगरीकडे बघितलं. तिचे हात अजून वर होते. एक थोडा थकून खाली आला होता, तो तिनं पुन्हा वर केला.

"मी चाखतो," बाबा म्हणाले. "आठवडाभर तुझेच तुकडे खातोय. चव चुकायची नाही."

"खाल्लंस तर तिच्याजवळ यायचं नाही. आधी बाल्कनी, मग साबण, मग चूळ."

"माहितीये. मीच केलाय तो नियम."

त्यांनी कोरा चमचा घेतला, डावीकडच्या तुकड्याचा कोपरा तोंडात टाकला, डोळे मिटले. त्यांचा चेहरा उजळला.

"हाच! हाच आपला."

"नक्की?"

"शंभर टक्के. काय सुंदर झालाय गं!"

आई त्यांच्याकडे बघत राहिली.

"सुंदर झालाय?"

"तोंडात विरघळतोय."

"बाल्कनीत जा."

"अगं, पण..."

"माझा विरघळत नाही. माझा पुठ्ठ्यासारखा लागतो. मला माहितीये आणि तुलाही माहितीये."

बाबांनी चमचा टेबलावर ठेवला. लग्नाला सात वर्षं झाली होती. खोटं बोलावं तर भिंगरीचा प्रश्न, खरं बोलावं तर स्वतःचा.

"पुठ्ठ्यासारखा अगदी नाही," ते म्हणाले. "जाड कागद म्हणता येईल."

"जा!"

"पेनांची पिशवी," ते दारातून म्हणाले. त्यांनी पिशवी पुसून उंबऱ्यावर ठेवली आणि ते बाहेर गेले.

पण प्रश्न सुटला होता. डावीकडचा ढब्बूचा, म्हणजे उजवीकडचा आपला. आईनं कितीतरी वेळानं श्वास सोडला. भिंगरीचे हात खाली यायला आता काही हरकत नव्हती.

"बघू," ढब्बूचे आजोबा म्हणाले. आतापर्यंत ते आरामखुर्चीत होते. ते कधी उठले, कधी टेबलाशी आले, बाबांनी ठेवलेला चमचा कधी उचलला, हे नंतरही कुणाला सांगता आलं नाही. "खात्री केलेली बरी. लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे." आणि त्यांनी त्याच चमच्यानं उजवीकडच्या तुकड्याचा मोठा घास घेतला.

सगळ्यांनी एकदम "आजोबा!" म्हटलं.

आजोबांनी शांतपणे चावलं. बराच वेळ चावलं.

"हो," ते म्हणाले. "पुठ्ठाच आहे."

"आजोबा, चमचा! चमचा तोच होता!" ढब्बूच्या आईनं त्यांच्या हातातून चमचा ओढून घेतला. क्रीम तिच्या बोटांना लागलं, तिनं घाबरून बोटं पदराला पुसली, त्याच पदरानं डोळे पुसले, आणि मग आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं. ती कुणी सांगायच्या आत बाल्कनीकडे चालू लागली. "मी पण जाते. आजोबा, चला. तुम्हाला तर गोड बंद आहे!"

"तो गोड नव्हता," आजोबा जाता जाता म्हणाले.

तेवढ्यात कोपऱ्यातली एक मुलगी क्रीमनं माखलेले हात घेऊन भिंगरीला टोपी दाखवायला निघाली. मग आईनं वेळ घालवला नाही. मुलं, बशा, टोप्या आणि उरलेला केक, सगळं बाल्कनीत गेलं आणि काचेचं दार सरकून बंद झालं.

बाल्कनीत

ही बाल्कनी कपडे वाळत घालायचा स्टॅंड आणि एक कुंडी, एवढ्यांसाठी बांधलेली होती. आता तिथे वाढदिवस होता. आजोबांच्या डोक्यावर ओला टॉवेल लोंबत होता. बाबा कुंडीत एक पाय ठेवून उभे होते.

"आत्ता कसं वाटतंय?" आजोबांनी विचारलं.

"कशाबद्दल?"

"बायकोच्या हातचं ओळखता आलं नाही, त्याबद्दल."

"काका, केक खा."

"बंद आहे मला."

"तुम्ही आत्ताच इथे दोन तुकडे... बरं, खा."

खोलीत

आईनं दोन्ही तुकडे कचऱ्याच्या पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली, गाठीवर गाठ मारली. टेबल साबणानं पुसलं, पुन्हा पुसलं. खुर्चीचे हात पुसले. ती वर बघत नव्हती. वर बघितलं असतं तर भिंगरी दिसली असती.

टेबलाखालून हुंदका आला. आईनं वाकून बघितलं.

"ढब्बू? तू बाहेर नाही गेलास?"

"मी का जाऊ? मी काही खाल्लंच नाही." ढब्बूनं नाक पुसलं. "माझी बशी तुम्हीच उचललीत. माझाच वाढदिवस आणि मलाच केक नाही."

"अगदी चाखलासुद्धा नाहीस?"

"नाही ना!"

"बोट लावलंस?"

"लावणार होतो. तुम्ही ओरडलात."

आईनं त्याला बाहेर काढलं, त्याचे हात धुतले, तोंड धुतलं, आणि धुता धुता दोनदा "सॉरी रे" म्हणाली. मग दुसरं काही नव्हतं म्हणून तिनं पर्समधून डबा काढला. अडीअडचणीला असावेत म्हणून ठेवलेले, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. तिनं ते निळ्या कडेच्या एका कोऱ्या बशीत काढले. मुलांपुढे ठेवताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ढब्बूनं एक बटाटा उचलला, फुंकर मारली, खाल्ला. दुसरा उचलला.

"मेणबत्ती लावायची का याच्यावर?" तो म्हणाला.

भिंगरी हसली. मग तिनं एक बटाटा घेतला, त्याच बशीतून. ढब्बूचं बोट आणि तिचं बोट एकाच बटाट्यावर पडलं, तेव्हा थोडी झोंबाझोंबी झाली. आई हातात ओलं फडकं घेऊन बघत राहिली. आपल्या लेकीला कुणाशी खाण्यावरून भांडताना ती पहिल्यांदाच बघत होती.

"आई," भिंगरीनं चावता चावता काचेकडे बघून विचारलं, "ते सगळे बाहेर का आहेत?"

"त्यांनी केक खाल्लाय ना, म्हणून."

"म्हणून त्यांना आत यायचं नाही?"

"थोडा वेळ."

भिंगरीनं विचार केला. "त्यांना ॲलर्जी आहे?"

"त्यांना? कसली?"

"माझी."

आईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. तिला "नाही गं, वेडाबाई" असं म्हणायचं होतं, पण ते बाहेर पडेपर्यंत भिंगरी खुर्चीवरून उतरली होती. ती काचेपाशी गेली, पण अगदी चिकटून नाही. एक पाऊल अलीकडे थांबली.

"घाबरू नका," ती मोठ्यानं म्हणाली, म्हणजे काचेपलीकडे ऐकू जावं. "मी लांब उभी आहे."

बाबांनी कुंडीतला पाय बाहेर काढला आणि ते पाठ फिरवून दोरीवरचा एक मोजा उगाचच सरळ करू लागले.

आजोबा मात्र वाकले, त्यांनी टॉवेल बाजूला सारला आणि काचेतून बशीकडे बघितलं. "काय आहे गं ते? बटाटा? मला दे की एक."

"हे तुम्हाला चालत नाही, आजोबा."

"का बरं?"

"तुम्ही केक खाल्लाय. पण रडायचं नाही." तिनं आवाज मऊ केला. "थोडे मोठे झालात की कदाचित चालेल."

आजोबांनी मान डोलावली. मग विचारलं, "किती मोठं व्हावं लागेल?"

भिंगरीनं त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत नीट बघितलं.

"ते आत्ता सांगता येत नाही," ती म्हणाली.

मग ती परत आली, तिनं आपली खुर्ची फरफटत, फरशीवर आवाज करत काचेच्या दाराजवळ नेली, आणि ढब्बूला बशी घेऊन यायची खूण केली.

"इथेच बसून खाऊ," ती म्हणाली. "नाहीतर त्यांना एकटं वाटतं."