पिशवीवाला इसम

नानांना सुरक्षा समितीचं सचिव केलं, तेव्हा गल्लीतल्या चोरांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. चौतीस वर्षं कचेरीत आवक-जावक सांभाळलेला माणूस. चोर समोर उभा राहिला असता, तर नानांनी आधी त्याला आवक क्रमांक दिला असता. नवे हवालदार सभेत म्हणाले, "पोलीस आणि नागरिक मिळून शहर सुरक्षित करायचं. सचिव कोण होतंय?" कुणी हात वर करेना, म्हणून नानांनी केला. घरी तसंही हाताला काम नव्हतं. बायकोला जाऊन अकरा महिने झाले होते.

लॉन्ड्रीच्या दाराशी समितीची पेटी टांगली गेली. काही संशयास्पद दिसलं की चिठ्ठी टाकायची, खाली नाव लिहायचं नाही. पहिला आठवडा भटकी कुत्री आणि वाटेत लावलेल्या गाड्या यांतच गेला. नववी चिठ्ठी मात्र नानांनी उभ्यानेच वाचली.

'बसथांब्यावर रोज संध्याकाळी साडेसहाला एक इसम येतो. हातात पिशवी. बस येते, पण चढत नाही. उतरणाऱ्या बायकांकडे टक लावून पाहतो. मग स्वतःशी पुटपुटत निघून जातो.'

"साडेसहाला?" नाना लॉन्ड्रीवाल्याला म्हणाले. "अहो, त्या वेळी मी स्वतः तिथं असतो!"

"मग दिसला का तुम्हाला?"

"एकदाही नाही. म्हणजे बघा, केवढा बेरकी असेल. मला बघून लपतो."

"तुम्ही काय करता तिथं?"

"माझं एक खाजगी काम असतं," नाना म्हणाले आणि चिठ्ठीवर शिक्का मारू लागले.

ते खाजगी काम असं होतं. बायको औषधांच्या कारखान्यात नोकरीला होती आणि साडेसहाच्या बसने परतायची. थांब्यापासून घरापर्यंत चढ, त्यात वारा बोचरा, आणि सकाळी स्वेटर न विसरता निघाली असा दिवस विरळाच. म्हणून निवृत्त झाल्यापासून नाना तिचा निळा स्वेटर पिशवीत घालून थांब्यावर जाऊन उभे राहत. मग एका सकाळी ती कामावर गेली आणि तिथूनच गेली. नानांनी सगळे सोपस्कार नीट पार पाडले, नातेवाइकांना कळवलं, कचेऱ्यांना कळवलं. पायांना कळवायचं तेवढं राहून गेलं. साडेसहाला ते आपले निघायचेच.

पुढच्या दोन आठवड्यांत त्या इसमाबद्दल आणखी पंधरा चिठ्ठ्या आल्या. एक म्हणे उंच, दुसरी म्हणे बुटका. कुणी वय चाळीस लिहिलं, कुणी पंच्याहत्तर. हवालदारांना वर्णन हवं होतं. नाना रात्रभर बसले आणि त्यांनी सगळ्याची सरासरी काढली. 'वय साडेसत्तावन्न. उंची मध्यम. दाढी असून नसल्यासारखी.' या वर्णनाचा माणूस पृथ्वीवर कुठे असलाच, तर त्याला त्याच्या आईनेही ओळखलं नसतं. लॉन्ड्रीवाल्याने ते वर्णन पेटीवर चिकटवलं आणि बऱ्याच पोरीबाळींनी तो थांबाच सोडून दिला.

मग त्याच्याबद्दलची सतरावी चिठ्ठी आली. 'पिशवीत काहीतरी निळं आहे.'

"निळं?" हवालदारांचा चेहरा उतरला. "वायर असेल. नाना, हे प्रकरण साधं नाही."

सापळा गुरुवारचा ठरला. दोन शिपाई झाडाआड, हवालदार साध्या वेषात लॉन्ड्रीत, बस अलीकडच्याच चौकात अडवायची. ओळख पटवायला समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका तयार झाल्या. सतरापैकी अकरा चिठ्ठ्या आपल्याच, असं त्यांनी हवालदारांना कानात सांगितलं होतं. गुडघ्यांमुळे त्या खाली उतरत नसत. सगळं जग गॅलरीतूनच बघत.

"बाई, तो दिसला की वरूनच ओरडा," हवालदारांनी त्यांना फोनवर बजावलं आणि फोन ठेवला. "आणि नाना, तुम्ही?"

"मी रोजच्यासारखा थांब्यावर उभा राहतो. मी दिसलो नाही, तर त्याला शंका यायची."

"वा! डोकं आहे तुम्हाला," हवालदार म्हणाले.

गुरुवारी सहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी नाना थांब्यावर हजर झाले. हातात पिशवी. सवयीने ते हळू आवाजात बायकोला दिवसभराचं सांगत होते. आज दूध नासलं. आज एक चोर पकडणार आहोत आम्ही, तू असतीस तर म्हणाली असतीस, आधी घरातला चष्मा सापडतो का बघा.

तेवढ्यात वरून बाईंचा वर्गातला आवाज कडाडला. "तोच! तोच तो! पिशवीवाला!"

शिपाई झाडाआडून झेपावले. हवालदार इस्त्रीच्या टेबलावरून उडी मारून आले आणि नानांना ढकलून पुढे गेले. "नाना, बाजूला व्हा! कुठंय?"

नानांनीही गर्रकन मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"अहो, शोधताय काय? तुमच्या मधोमध उभाय!" बाई ओरडल्या.

चौघेही आपल्या मधोमध पाहू लागले. मधोमध नाना होते. लॉन्ड्रीवाला दारात आला, त्याने पिशवीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग एकेकाच्या ध्यानात आलं. नानांच्या सगळ्यात शेवटी आलं.

"पिशवीत काय आहे, नाना?" हवालदारांनी हळूच विचारलं.

नानांनी पिशवीतून घडी केलेला निळा स्वेटर काढून दाखवला. एका शिपायाने उगाचच टोपी काढून हातात घेतली.

अडवलेली बस सोडली होती, ती आली. दार उघडलं. नानांनी सवयीने दाराकडे पाहिलं; तिघी उतरल्या आणि चढाने निघून गेल्या. तोवर बाई कठडा धरत, एकेक पायरी मोजत खाली पोचल्या होत्या. त्यांना धाप लागली होती.

"अकरा चिठ्ठ्या लिहिल्या मी," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात एकदा खाली उतरून विचारलं असतं, तर... कुणाची वाट बघता?"

"बायकोची," नाना म्हणाले. आज पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं, आणि हे एवढं एकच उत्तर देताना त्यांना रडू आवरेना.

लॉन्ड्रीत बसवून त्यांना पाणी दिलं. प्रकरण मिटवायचं म्हणजे नोंद हवी. वही नानांनीच पुढे ओढली आणि वळणदार अक्षरात लिहिलं. 'इसम सापडला. समितीचाच आहे. पत्नीची वाट पाहत असतो. पत्नी येणार नाही.'

हवालदारांनी सही करायला पेन घेतलं आणि ते थबकले. "नाना, शेवटचा रकाना राहिला. 'संबंधितास कळवले काय?'"

चौतीस वर्षांत नानांनी एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. त्यांनी हवालदारांकडून पेन घेतलं, त्या चौकोनावर टेकवलं आणि तसंच परत दिलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "उद्या कळवतो त्याला." आणि घडी न मोडता त्यांनी स्वेटर पुन्हा पिशवीत ठेवला.