स्मारक व्यायामशाळेच्या वापराबाबत

लष्करी तळावरच्या स्मारक व्यायामशाळेचे नूतनीकरण पूर्ण झाले आणि तिथे व्यायामाला बंदी आली. कारण रास्त होते. नवी लाकडी जमीन इतकी गुळगुळीत होती, की तीत कमांडंटसाहेबांना स्वतःच्या मिशा दिसत.

आधी बूट वर्ज्य झाले. मग अनवाणी पायांना घाम येतो हे निदर्शनास आल्यावर पायही वर्ज्य झाले. वजने हातातून पडू शकतात, म्हणून ती भिंतीशी रचून दोरी लावण्यात आली.

"साहेब, मग पोरांनी कसरत करायची कुठे?" कसरत शिकवणाऱ्या उस्तादांनी विचारले.

"बाहेर, मैदानात. पण तोंड व्यायामशाळेकडे करून. प्रेरणा मिळते."

वास्तूला ज्या हुतात्मा जवानाचे नाव होते, त्याची थोरली बहीण उद्घाटनाला आली. गुडघ्यांनी जेरीस आलेली, जिभेने मात्र ठणठणीत. तिने फीत कापली आणि सगळे उंबरठ्याबाहेर उभे राहून आत बघू लागले.

"आत कुणीच कसं नाही?" तिने विचारले.

"ताई, पावित्र्य जपतोय," साहेब म्हणाले.

"आमचा धाकटा चिखलाच्या पायांनी भिंतीला उलटा उभा राहायचा. मार खायचा, की परत उलटा." तिने उंबरठ्यावरून आत वाकून वास घेतला. "इथे घामाचा वास नाही. म्हणजे तुम्ही दुसऱ्याच कुणाचं तरी स्मारक बांधलंय. उस्ताद, पोरांना आत घ्या."

पाहुण्यांसमोर नाही कसे म्हणणार? जवान आत घुसले. दोरी सुटली, वजने आदळली, जमिनीवर ओरखडे उठले. एकजण ताज्या रंगाच्या भिंतीला पाय लावून उलटा उभा राहिला. ताई बाकावर बसून हसत होती आणि डोळेही पुसत होती. साहेबांचेही डोळे भरून आले. उस्तादांनी ते पाहिले.

साहेब मनापासून हेलावले होते. म्हणूनच दुसऱ्या दिवशी आदेश निघाला: भिंतीवरच्या पाऊलखुणांवर काच बसवावी, ओरखडे जसेच्या तसे जतन करावेत आणि त्यांस धक्का लागू नये यासाठी दरवाजा कायमचा बंद ठेवावा.

"पण साहेब, ताईंनी तर..."

"त्यांच्याच भावनेचा मान राखतोय, उस्ताद."

जवान पुन्हा मैदानात गेले.

यावर हसायला हरकत नाही. फक्त एक सांगा. घरच्या काचेच्या कपाटातले ते चांगले कप तुम्ही पाहुण्यांसाठी राखून ठेवलेत, हे मान्य. परवा पाहुणे आले, तेव्हा चहा कशात दिलात?