दगडीपाल्याचा वाफा

कारकुनाने सुटीच्या दिवशी निवांत झोपावं, यातच घरादाराचं कल्याण असतं. पण आपल्या या कारकुनाला त्या सकाळी सासऱ्यांच्या मायेचं भरतं आलं. सासूबाई गेल्यापासून सासरे लेकीकडेच राहत होते आणि "मी इथे नुसता खायला काळ" म्हणत त्यांनी परवापासून बॅग भरायला घेतली होती. बायको रडवेली झाली होती. म्हाताऱ्याला जरा प्रसन्न वाटावं, म्हणून ते फिरायला गेल्यावर याने मागचं अंगण साफ करायला घेतलं. (ऑफिसात टेबलावरची धूळ फुंकून शेजारच्या टेबलावर ढकलणारा माणूस हा!) तासाभरात कुंपणालगतचं सगळं रान उपटून ढीग घातला.

बायको चहा घेऊन आली आणि जागीच थबकली.

"अहो! हा बाबांचा दगडीपाला!"

"हे गवत नव्हतं?"

"कुरणातून आणून लावला होता त्यांनी. गल्लीत कुणाला कापलं, खरचटलं की याचाच रस जखमेवर पिळतात. तुम्हाला माहीत नाही?"

नव्हतं. (मागच्या अंगणात तो लग्नानंतर पहिल्यांदाच आला होता.) माणसाला दोन वेळचं जेवण पुरत नाही. "बाबा, जरा बघा हो" म्हणत कुणीतरी दारात यावं लागतं. तेवढंच सासऱ्यांचं उरलं होतं आणि ते याने मुळासकट उपटलं होतं.

खुरपं घेऊन तो कुरणाकडे धावला. तसल्याच पांढऱ्या फुलांची रोपं पाटीभर आणली, दोरी धरून ओळीत लावली, पाणी घातलं. घाईत खुरपं बोटाला लागलं, ते वेगळंच.

तेवढ्यात सासरे आले. त्यांनी वाफा पाहिला, ढीग पाहिला, मग जावयाचं बोट. ढिगातला पाला धुतला, चुरगाळून रस पिळला, वर चिंधी बांधली. रक्त थांबलं.

"चुकलं माझं, बाबा," त्याला खरंच भरून आलं. "पण सगळा पुन्हा लावलाय."

"काय लावलंय?"

"दगडीपाला."

"जावईबापू, ते गाजरगवत आहे. अंगाला खाज सुटते त्याने. लोक उपटून उपटून थकले. ओळीत लावून पाणी घालणारे तुम्ही पहिलेच."

जावई मान खाजवत होताच.

सासरे आत गेले. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला तशी बायकोने डोळे पुसले. थोड्या वेळाने ते बाहेर आले, ते रिकाम्या हातांनी.

"बॅग?" लेकीने विचारलं.

"रिकामी केली. पाला काय, पुन्हा उगवेल. पण यांच्या भरवशावर तुला एकटीला सोडून जायला मन धजत नाही."