तात्यांनी विळी पाजळली

आमच्या शेजारच्या तात्यांच्या उजव्या हातावर अस्वलासारखे केस आहेत आणि डावा हात परवापरवापर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत तान्ह्या बाळासारखा गुळगुळीत होता. नव्या माणसाला वाटायचं, काही भाजलंबिजलं असेल. काही भाजलेलं नव्हतं हो. सुरीला धार आली की नाही हे तात्या स्वतःच्या हातावर फिरवून बघायचे. केस निघाले तर धार आली. डाव्या हातावरचं पीक संपल्यावर ते दुसऱ्यांच्या हाताकडे बघायला लागले. एकदा तर पोस्टमन पाकीट उंबऱ्यावरच टाकून पळाला.

तात्या म्हणजे एस.टी.तले रिटायर कंडक्टर. ओतूरला आमची नि त्यांची घरं भिंतीला भिंत लावून. उभ्या जन्मात हा माणूस स्वयंपाकघरात गेला असेल तर "चहा झाला का?" विचारायला. पाण्याचा तांब्या कुठं असतो तेही त्यांना वत्सलावहिनीच सांगायच्या, आणि सांगून झाल्यावर त्याच उठून द्यायच्या.

त्या वहिनींना मागल्या उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला. काठी घेऊन चालायला लागल्या, बोलणं नीट झालं, पण उजव्या हातात जोर म्हणून राहिला नाही. त्यांचा मुलगा संदीप चाकणला असतो. त्यानं स्वयंपाकाला बाई लावून दिली. वहिनींनी तिला एकच अट घातली, "मीठ-मिरची तू टाक, भाजी मी चिरणार." आता एका डाव्या हातानं कशी चिरणार? बाईनं त्यांना बाजूला बसवलं, स्वतः दोडका सोलला आणि शिरा टाकून दिल्या. दोडक्याच्या शिरा! ज्यांची वहिनी चटणी करतात! झालं, बाई त्याच दिवशी गेली. मग संदीपनं दोरी ओढायचा चॉपर आणला. त्याला एक हात दाबायला लागतो, एक ओढायला. चॉपर ओट्यावरून घसरला तो थेट मोरीत. शेवटी संदीप म्हणाला, "गणपती झाले की मी दोघांना चाकणला नेणार. इथं तुमचं कोण करणार?"

वहिनींना जायचं नव्हतं. सातव्या मजल्यावर जाऊन त्या काय करणार? इथं सकाळी दार उघडलं की गल्लीतली प्रत्येक बाई त्यांना हाक मारून पुढं जाते. माझ्याजवळ त्या एकदाच बोलल्या, "माई, तिथं मी पाव्हणी व्हणार गं."

आणि अशा वेळी आमचे तात्या काय करतात? धार लावायला शिकतात!

सांगा, राग येईल की नाही? बायको घर सोडून जायच्या वाटेवर, आणि हा माणूस जुन्नरला जाऊन बाजारातल्या एका धारवाल्या चाचांकडून धारेचा दगड घेऊन आला. मागल्या अंगणात ओलं पोतं अंथरलं, त्यावर दगड ठेवला नि बसला घासत. पहिल्या दिवशी अंगठा कापला. दुसऱ्या दिवशी दुसरा. सुरी कधी उताणी, कधी खडी. पातं असं गोल व्हायचं की त्यानं लोणीसुद्धा कापलं नसतं. पण बोलणं? बोलणं असं की सात पिढ्या धारवाल्याच्या!

"माई, सुरीची पाठ जरा उचलायची. काडीपेटीच्या काडीएवढी. आन् दाबायचं न्हाई! चाचा म्हणले, जो दाबतो त्याला धार येत न्हाई."

दाबायचं न्हाई, दाबायचं न्हाई. दिवसभर हेच. दुधवाल्याला म्हणायचे, नातवाला घास भरवणाऱ्या माझ्या सुनेला म्हणायचे. एकदा दवाखान्यात डॉक्टर पोट तपासत होते, तर त्यांनाही म्हणाले.

बरं, स्वतःच्या घरातल्या सुऱ्या बिघडव बाबा! ते नाही. गल्लीत फिरायचे. "धार गेली का?" असं दारातून ओरडायचे आणि उत्तर यायच्या आत सुरी घेऊन जायचे. समोरच्या पोराच्या वाढदिवसाला केकची सुरी नेली. त्या दिवशी नेमकी धार आलेली! केक कापला, खालचा पुठ्ठा कापला, नवा टेबलक्लॉथ कापला. पोराची आई रडायच्या घाईला आली तर हे म्हणतात, "बगा, दाबलं का त्यानं? अज्याबात न्हाई!"

मी हेही सोसलं असतं. पण गणपती उद्यावर आला असताना त्यांनी माझी विळी नेली.

माझ्या आईनं लग्नात दिलेली विळी हो ती. घासून परसात उन्हात ठेवली होती. बघते तर जागेवर नाही. दुपारी तात्या हजर, विळी ताटात घेतल्यासारखी दोन्ही हातांवर.

"माई, पात्याला धार लावलीच. पन वरचं टोक लई खरबडीत झालतं, गंजून दातं पडलं व्हतं. कानस मारून कसं गुळगुळीत केलंय, हात फिरवून बगा."

मी हात फिरवला. ती खवणी होती! नारळ खवायची! सत्तर वर्षं या माणसानं करंज्या खाल्ल्या, मोदक खाल्ले, सोलकढी प्यायली, आणि खोबऱ्याचा कीस नारळातून सुटतो कसा हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही! उद्या एकवीस मोदक करायचे आणि माझ्या खवणीच्या तोंडात दात नाही!

"तात्या, तुम्ही—" एवढंच मी म्हटलं. ते "आभार कशाला" म्हणून निघूनही गेले.

मी पदर खोचला, विळी उचलली आणि त्यांच्या घरी गेले. आज सोडायचं नाही असं ठरवूनच गेले. दारात संदीपची गाडी. म्हटलं बरंच झालं, पोरासमोरच सांगते.

आत गेले तर गणपतीला आलेला संदीप आत्तापासूनच आईची बॅग बाहेर काढून बसलेला. "आई, औषधं कुठली कुठली घ्यायची?" म्हणत होता.

तात्या म्हणाले, "बॅग ऱ्हाऊ दे. जेवून घे आदी."

"तात्या, करणार कोण?"

तात्या उठले. वहिनींची विळी आणून टेबलावर ठेवली. तिचा पाट दोन्ही तळव्यांनी घट्ट धरला. वहिनी खुर्ची ओढून समोर बसल्या. डाव्या हातात एक लालबुंद टोमॅटो घेतला आणि पात्यावर नुसता टेकवला.

टोमॅटो उतरला. आवाजसुद्धा आला नाही. एक चकती, दुसरी, तिसरी. पाट तात्यांच्या हाताखाली, टोमॅटो वहिनींच्या हातात.

"जड जातंय का?" तात्या हळूच म्हणाले.

"न्हाई," वहिनी म्हणाल्या. "पाट हलवू नका."

संदीप बॅगेची चेन धरून तसाच बसला. मग म्हणाला, "आणि फोडणी?"

"ती सांगती, मी टाकतो. मीठ चुकतं अजून."

"लई चुकतं," वहिनी म्हणाल्या.

माझ्या हातात माझी विळी तशीच. पण राग आला की मला गप्प बसवत नाही. "अहो तात्या, मग आमच्या घरांचं वाटोळं कशाला केलं? वहिनींच्याच विळीवर शिकायचं होतं!"

"तसं कसं?" तात्या खरोखर चकित झाले. "चाचा म्हणले व्हते, घरच्या हत्याराला आदी हात लावू नका. टाकाऊ लोखंडावर हात बसवा. हिची विळी बिगडली असती तर?"

टाकाऊ! माझ्या आईची विळी टाकाऊ! संदीप हसायला लागला, वहिनी हसता हसता डोळे पुसायला लागल्या, आणि मी एकटी रागानं लाल.

संदीप गणपती करून एकटाच गेला. "दिवाळीत बघू" म्हणाला. दिवाळी गेली, कुणी विषय काढला नाही. तात्यांच्या डाव्या हातावर आता केस यायला लागलेत. धार बघायला त्यांना हात लागत नाही, रोज सकाळी पहिली फोड पडली की "जड जातंय का?" एवढंच विचारतात, आणि वहिनी 'न्हाई' म्हणाल्या नाहीत तर दगड भिजत घालतात.

माझी खवणी मात्र अजून तशीच आहे. माफ केलेलं नाही मी, सांगून ठेवते. नारळ खवायचा असला की नारळ घेऊन त्यांच्याच घरी जाते आणि तात्यांच्या हातात देते. खवा म्हणावं, तुमचीच करणी! ते वहिनींच्या विळीवर नारळाची वाटी अशी अलगद फिरवतात, जणू नारळाला दुखेल. आणि वहिनी खुर्चीतून ओरडतात,

"दाबा की वो! हितं दाबायचं असतं!"