ड्वेनने आधीच लिहून ठेवलेली सहल

यंदाच्या सहलीतल्या फोटोंखालच्या ओळी घरूनच लिहून न्यायच्या, असं ड्वेन टॉलेफसनने मे महिन्यात ठरवलं, आणि एवढी सोपी युक्ती आपल्याला आधी कशी सुचली नाही म्हणून तो स्वतःवरच जरा चिडला.

युक्तीची गरज होतीच. ब्लॅक हिल्समधल्या ज्या तळ्याकाठी तो आणि त्याची बायको मार्लिस दर उन्हाळ्यात गाडीमागे ओढून नेलेलं चाकांवरचं घर, म्हणजे कॅम्पर, लावत, तिथे फोनला रेंज नाही. फोटो टाकायला रोज गाडी काढून डोंगराखालच्या दुकानापर्यंत जावं लागे. आणि न टाकून चालणार नव्हतं. मिनेसोटातल्या आपल्या गावात तो धान्याच्या कोठाराचा मॅनेजर म्हणून आयुष्यभर खपला, तेव्हा त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. निवृत्त झाल्यावर मात्र त्याने 'तिच्या हातची कॉफी आणि समोर तळं, आणखी काय हवं?' अशी एक ओळ टाकली, आणि चर्चमधल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण देऊ लागल्या. (नवरे त्याच्याशी बोलेनासे झाले. ड्वेनने तेही यशातच धरलं.) कॉफी खरं तर तो स्वतःच करायचा, मार्लिस चहा पिते; पण 'माझ्या हातची कॉफी' या ओळीत काय राम आहे?

ओळी झाल्या. फोटो गेल्या वर्षीचे होतेच. डोंगर काही हलत नाहीत, तळं कुठे जात नाही, आणि मार्लिस तर लग्नापासून आहे तशीच आहे, असं त्याचं ठाम मत होतं. प्रत्येक फोटोला त्याने एक ओळ जोडली, रोज संध्याकाळी एकेक फोटो आपोआप गावासमोर जाईल अशी फोनवर व्यवस्था लावली आणि निर्धास्त मनाने तो सहलीला निघाला.

पहिली संध्याकाळ सुखाची गेली. म्हणजे ड्वेन मासे धरत बसला, मार्लिस कॅम्परमध्ये एकटीच पत्ते लावत बसली, आणि गावाला कळलं की दोघं हातात हात घालून तळ्याला चक्कर मारून आली.

दुसऱ्या दिवशी दूध संपलं म्हणून दोघं खाली दुकानात गेली. तिथे रेंज मिळाली आणि मार्लिसच्या पर्समधला फोन सारखा वाजायला लागला. चर्चमधल्या आर्डिसने विचारलं होतं, इतके लांब केस एका आठवड्यात कसे वाढवलेस, औषध कुठलं ते मलाही सांग. मार्लिसने फोटो पाहिला. हातातलं दूध तिने पुन्हा फळीवर ठेवलं आणि बाहेर जाऊन गाडीत बसली.

"मी केस कधी कापले, ड्वेन?"

ड्वेनने तिच्याकडे नीट पाहिलं. केस कानापर्यंतच होते, यात शंका नव्हती.

"हल्लीच," तो म्हणाला.

"मार्चमध्ये."

"छान दिसतात."

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. ड्वेनला वाटलं, ही जुन्या फोटोवरून रागावली आहे, तर हिला सगळी योजना समजावून सांगावी. काळजी करू नकोस, तो म्हणाला, घरी पोचेपर्यंतचं सगळं तयार आहे, तुला साधं हसायचीसुद्धा गरज नाही. आणि मोठ्या अभिमानाने त्याने फोन तिच्या हातात दिला.

ती एकेक वाचत गेली. एका फोटोपाशी थांबली. त्यात ती तळ्याकाठच्या खडकावर बसली होती, तोंडावर मावळतीचं ऊन होतं आणि डोळे ओले होते. खाली लिहिलं होतं, 'सूर्यास्त पाहिला की हिचे डोळे भरून येतात. अशी बायको मिळायला भाग्य लागतं.'

"इथे मी का रडतेय, आठवतं?"

"सूर्यास्त बघून," ड्वेन म्हणाला. तसं लिहिलेलंच होतं.

"त्या दुपारी बेव्हने फोन केला होता. आईने तिला ओळखलं नाही म्हणून. वर येताना गाडीत मी तुला सगळं सांगितलं. तू म्हणालास, उजेड छान आहे, त्या खडकावर बस."

ड्वेनला खरोखर वाईट वाटलं. आणि वाईट वाटल्यावर जे तोंडात आलं ते तो बोलून गेला.

"ती ओळ बदलतो मी."

त्याच दुपारच्या बसने मार्लिस गावी, बहिणीकडे, म्हणजे बेव्हकडे निघून गेली.

दोन दिवसांत राग उतरेल, अशा हिशेबाने ड्वेन एकटाच वर तळ्याकाठी राहिला. फोटोंचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. व्यवस्था इतकी चोख लावली होती की तो ती विसरूनच गेला. मासे मिळत होते, पण मोठा मासा लागला की तो कॅम्परकडे वळून बघायचा आणि तिथे कुणी नसायचं. रात्री टेबलावर पत्ते आपटल्याचा आवाज यायचा नाही. त्या आवाजाने झोपमोड होते म्हणून तो वर्षानुवर्षं कुरकुरत आला होता. आता झोपच लागेना. त्याला भयंकर एकटं वाटलं.

शेवटी तो खाली उतरला. दुकानाशी पोचताच फोन थरथरायला लागला.

आर्डिसने लिहिलं होतं, "ड्वेन, तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसलीय ती कोण? मार्लिस इथे चर्चच्या तळघरात माझ्याशेजारी कप विसळतेय." त्याखाली इतके दिवस न बोललेल्या गावातल्या सगळ्या नवऱ्यांनी अगदी भरभरून लिहिलं होतं. पास्टरने नुसते जोडलेले हात टाकले होते.

ड्वेनने वर जाऊन कॅम्पर गाडीला जोडला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत गाडी हाकत तो थेट बेव्हच्या दारात उभा राहिला. बेव्हने जाळीच्या दारातूनच त्याला पाहिलं. ती जेवतेय, थांब, एवढंच म्हणाली. आत ये म्हणाली नाही. (त्यांच्या गावात याहून मोठी शिवी नाही.)

मार्लिस आली आणि जाळीपलीकडे उभी राहिली. एक तरी खरं वाक्य बोलायचं, असं ड्वेनने वाटेत ठरवलं होतं.

"तू नव्हतीस, पत्त्यांचा आवाज नव्हता," तो म्हणाला. "मला झोप लागली नाही. तुझ्याशिवाय मला राहता येत नाही, मार्लिस."

तिने विचारलं,

"हे कधी लिहिलंस?"

खोटं बोलावं असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"दुपारी. वाटेत, मिचेल गावात पेट्रोल भरताना."

"निदान आजचं आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

ड्वेनने कॉलर नीट केली, केसांवरून हात फिरवला. आता कडी निघणार, ही बॅग घेऊनच येणार. मार्लिस आली ती फॉइलने झाकलेलं भांडं घेऊन. दार किलकिलं करून तिने ते त्याच्या हातात दिलं, गरम करून खा म्हणाली, आणि आतून कडी लावली.

घरी जाऊन त्याने फॉइल काढलं. बटाटे आणि खिमा ओव्हनमध्ये भाजून केलेली हॉटडिश होती, परवाची. त्याने ती गरम न करताच खाल्ली.